सह्याद्रीतलं अस्वल दिसत नाही, मग ते आहे हे कळतं कसं?

रत्नागिरी म्हटलं की हापूस, समुद्र आणि जांभ्याची घरं आठवतात. अस्वल कुणाला आठवत नाही. पण याच जिल्ह्याची पूर्वेकडची सीमा सह्याद्रीच्या माथ्यावरून जाते आणि खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर या तालुक्यांची शेवटची गावं थेट कड्याखाली वसलेली आहेत. कड्याच्या वर कोयना आणि चांदोलीचं जंगल आहे. तिथल्या प्राण्यांच्या यादीत बिबट्या, गवा, कोळसुंदा, शेकरू यांच्यासोबत अस्वलाचंही नाव आहे.

गवा रस्त्यावर दिसतो, बिबट्या गोठ्यापर्यंत येतो. अस्वल मात्र जंगलात रोज जाणाऱ्या गुराख्यालाही वर्षानुवर्षं दिसत नाही. त्यामुळे ते खरंच आहे का, असेल तर कुठे, आणि घाटाखाली उतरतं का, या प्रश्नांची उत्तरं त्याने मागे ठेवलेल्या खुणांवरून शोधावी लागतात. फोडलेलं वारूळ, करवंदाच्या बियांनी भरलेली विष्ठा, झाडावरचे ओरखडे, ओढ्याकाठच्या चिखलातलं एखादं पाऊल, अशा त्या खुणा असतात. त्या कशा ओळखायच्या, त्यात फसगत कुठे होते आणि त्यांना एवढं महत्त्व का आहे, ते समजून घेऊ.

हे अस्वल नेमकं कोणतं?

जगात अस्वलांच्या आठ जाती आहेत. त्यांपैकी चार भारतात आढळतात. हिमालयातलं काळं अस्वल, तपकिरी अस्वल आणि ईशान्येकडचं सूर्य अस्वल या तीन जाती महाराष्ट्रात नाहीत. आपल्याकडे आहे ते फक्त देशी काळं अस्वल. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. लांब वाकडी नखं आणि समोरचे नसलेले दात पाहून त्याने या प्राण्याला दक्षिण अमेरिकेतल्या ‘स्लॉथ’ या झाडाला लटकणाऱ्या, संथ प्राण्याच्या गटात टाकलं. पुढे चूक सुधारली, पण इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’ हे नाव कायम राहिलं. प्रत्यक्षात हा प्राणी आळशी अजिबात नाही. रात्रभर तो अन्नासाठी चालत आणि खणत असतो.

आज हे अस्वल भारत, श्रीलंका आणि नेपाळ या भागांतच उरलं आहे. बांगलादेशातून ते नाहीसं झालं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ या गटात आहे आणि भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत त्याला संरक्षण आहे.

महाराष्ट्रात अस्वलांचा मुख्य मुलूख विदर्भ. मेळघाट, ताडोबा, गडचिरोली, गोंदिया आणि बुलढाण्यातलं ज्ञानगंगा अभयारण्य ही त्यांची ठळक ठिकाणं. त्या मानाने सह्याद्रीत अस्वलं विरळ आहेत. उत्तरेकडे कोयना, मग चांदोली, राधानगरी, आंबोली, तिलारी आणि पुढे गोवा-कर्नाटकाची जंगलं अशी त्यांची एक लांबट, अरुंद पट्टी आहे. रत्नागिरी जिल्हा या पट्टीच्या पश्चिम कडेला येतो.

रत्नागिरीत शोधायचं तर कुठे?

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये घोषित झाला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून तो बनला आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेल्या या प्रकल्पाचं एकूण क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात कोयना आणि चांदोली दोन्ही आहेत.

या जंगलाची पश्चिमेकडची कड म्हणजे कोकणात तुटणारा कडा. प्रचितगड, भैरवगड, महिमंडणगड हे किल्ले याच धारेवर आहेत. खाली शृंगारपूर, मारळ, तिवरे, खोपी अशी गावं आहेत. कडा सरळसोट असला तरी अखंड भिंत नाही. मधे नळ्या आहेत, जुन्या पायवाटा आहेत, दाट झाडीने भरलेल्या घळी आहेत. गवा आणि रानडुक्कर याच वाटांनी खाली-वर करतात. अस्वल चढण्यात पटाईत असल्याने त्यालाही या वाटा जड नाहीत.

अस्वलाला तीन गोष्टी लागतात: दिवसा पडून राहायला गुहा किंवा दगडांची कपार, रात्री खायला वाळवी, मुंग्या आणि रानफळं, आणि उन्हाळ्यात टिकणारं पाणी. सह्याद्रीच्या उतारावर या तिन्ही गोष्टी आहेत. म्हणून शोधणारा माणूस सड्यावर भटकत बसत नाही. तो आधी नकाशावर पाहतो की मोठमोठे दगड कोसळून साचलेत ते उतार कुठे, एप्रिल-मे मध्ये पाणी धरणारे पऱ्ये कुठे आणि करवंद, जांभूळ, उंबर यांची गर्दी कुठे. हे तिन्ही एकमेकांजवळ असतील तिथून शोध सुरू होतो.

चांदोलीत आणखी एक गोष्ट मदतीला येते. राष्ट्रीय उद्यानासाठी इथली अनेक गावं उठली. माणसं गेली, पण त्यांनी लावलेले आंबे, फणस राहिले. झोळंबीसारख्या जुन्या गावठाणांच्या परिसरात फळांच्या दिवसांत जंगली प्राण्यांची ये-जा वाढते. जंगलाची पाहणी करताना अशा जागा वगळून चालत नाही.

अस्वल दिसत का नाही?

पहिलं कारण वेळ. अस्वल मुख्यतः रात्री आणि संधिप्रकाशात वावरतं. माणसाची वर्दळ असलेल्या भागात तर ते जवळपास पूर्ण निशाचर होतं. दुसरं कारण एकटेपणा. गव्यासारखा कळप नाही. पिल्लांसोबतची आई सोडली तर प्रौढ अस्वल एकटंच फिरतं. तिसरं कारण जंगलच. सह्याद्रीतलं सदाहरित आणि निमसदाहरित जंगल, कारवीची दाटी आणि वेलींचं जाळं यात दहा-पंधरा पावलांपलीकडचं दिसत नाही. काळ्या रंगाचा प्राणी अशा सावलीत उभा असेल तर तो दगडासारखाच वाटतो. आणि चौथं कारण म्हणजे संख्या. मुळात थोडेच असलेले प्राणी मोठ्या क्षेत्रात विखुरलेले असतात.

हिमालयातली अस्वलं हिवाळ्यात निद्रा घेतात, आपलं अस्वल घेत नाही. त्यामुळे ते वर्षभर कुठे ना कुठे खुणा करतच असतं. मादी मात्र पिल्लांना जन्म देण्यासाठी गुहेत शिरते. बहुतेक जन्म नोव्हेंबर ते जानेवारीदरम्यान होतात. एक किंवा दोन पिल्लं असतात. काही आठवड्यांनी आई त्यांना बाहेर आणते, तेव्हा ती तिच्या पाठीवरच्या लांब केसांना धरून बसतात. पिल्लांना अशी नेहमी पाठीवर वागवणारी अस्वलाची ही एकच जात.

शरीर समजलं की खुणा समजतात

अस्वलाच्या प्रत्येक खुणेमागे त्याच्या शरीराची रचना आहे. पुढच्या पायांची नखं लांब, बोथट आणि किंचित वाकडी असतात. सात-आठ सेंटिमीटर लांबीची नखं सहज सापडतात. मांजरवर्गीय प्राण्यांसारखी ती आत ओढून घेता येत नाहीत. ओठ लांब आणि लवचिक असतात, नाकपुड्या बंद करता येतात, आणि वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसल्याने तिथे फट राहते. वारूळ फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची आणि मग त्या फटीतून वाळवी हवेसकट आत ओढायची, ही त्याची खाण्याची पद्धत. या शोषण्याचा आवाज शांत रात्री शंभर मीटरहून जास्त अंतरावर ऐकू जातो. अनेकदा जंगलाजवळच्या माणसाला अस्वलाची पहिली चाहूल याच आवाजाने लागते.

खूण पहिली: फोडलेलं वारूळ

अस्वलाची सर्वांत जास्त सापडणारी खूण ही. कठीण झालेलं वारूळ एका बाजूने फोडलेलं असतं. मातीची मोठी ढेकळं मागे फेकलेली असतात. खड्डा तोंडाशी रुंद आणि आत निमुळता होत जातो, डोकं आणि खांदे घालता येतील एवढा. आतल्या भिंतीवर नखांच्या समांतर, खोल रेषा दिसतात.

इथेच सर्वांत मोठी फसगतही होते, कारण वाळवी खाणारं आणखी एक जनावर कोकणात आहे: खवले मांजर. रत्नागिरी जिल्हा खवले मांजरांसाठी महत्त्वाचा मानला जातो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथे त्यांच्या संरक्षणाचं काम केलं आहे. खवले मांजरही पुढच्या नखांनी वारूळ उकरतं. फरक आकाराचा आणि पद्धतीचा आहे. खवले मांजर आपल्या अंगाएवढं गोलसर, अरुंद बीळ खणत आत शिरतं. उकरलेली माती बारीक असते आणि जवळच भुईवर शेपटी ओढल्याची रेघ सापडू शकते. अस्वल आत शिरत नाही, ते वारूळच उघडं करतं. रानडुक्कर जमीन उकरतं तेव्हा ती नांगरल्यासारखी उथळ आणि पसरट दिसते. साळिंदराने कंदासाठी खणलेला खड्डा छोटा असतो आणि तिथे कुरतडलेले तुकडे पडलेले असतात.

खड्डा किती जुना आहे हेही पाहावं लागतं. ताजी माती ओलसर आणि गडद असते, कडा धारदार असतात, वाळवी अजून दुरुस्तीसाठी धावपळ करत असते. काही दिवसांत वाळवी भोक बुजवायला लागते. कडा गोल झाल्या, आत कोळ्याचं जाळं किंवा पातेरा साचला, की खूण जुनी समजावी.

खूण दुसरी: विष्ठा

अस्वल काय खातं याचा सर्वांत पक्का पुरावा विष्ठेत असतो. मांस ते क्वचितच खातं. त्यामुळे बिबट्याच्या विष्ठेत दिसतात तसे केस आणि हाडांचे तुकडे इथे सहसा नसतात. उन्हाळ्यात विष्ठा म्हणजे बियांचा ढीग असतो: करवंद, जांभूळ, अळू, उंबर, बहावा. फळं नसलेल्या दिवसांत तीत माती आणि मुंग्या-वाळवीची डोकी भरलेली असतात. किड्यांच्या डोक्याचं कवच कठीण असल्याने ते पचत नाही. भिंगातून पाहिलं तर मुंगी कोणत्या गटातली हेही तज्ज्ञ सांगू शकतात.

बियांच्या विष्ठेबाबतही घाई करू नये. उदमांजरही फळं खातं आणि त्याच्याही विष्ठेत बियाच असतात. पण उदमांजराची विष्ठा बोटाएवढी जाड असते आणि ती बहुधा दगडावर किंवा आडव्या ओंडक्यावर टाकलेली असते. अस्वलाचा ढीग मोठा, सैल आणि बहुतेक वेळा वाटेतच असतो.

या बियांचा जंगलाला उपयोग होतो. अस्वल एका ठिकाणी फळ खातं आणि कोस-दोन कोस पुढे जाऊन बी टाकतं. बहाव्याची शेंग फोडून गर खाणारे प्राणी जंगलात फार नाहीत, अस्वल त्यांतलं एक. म्हणजे अस्वल नाहीसं झालं तर काही झाडांचा पेरणारा गडी कमी होतो.

खूण तिसरी: पाऊल

अस्वलाचं मागचं पाऊल पाहून अनेक जण दचकतात, कारण ते अनवाणी माणसाच्या पावलासारखं दिसतं. अस्वल माणसासारखाच पूर्ण तळवा टेकवून चालतं. पुढचं पाऊल आखूड आणि रुंद असतं.

नीट पाहिलं तर तीन गोष्टी वेगळ्या दिसतात. पहिली, बोटं पाच असतात आणि ती जवळजवळ एका सरळ रेषेत असतात. बिबट्या, तरस, कोळसुंदा यांच्या ठशात चारच बोटं उमटतात. दुसरी, पुढच्या पावलात नखांचे ठसे बोटांपासून बरेच पुढे, सुटे उमटतात. तिसरी, माणसाचा अंगठा आतल्या बाजूला असतो आणि तो सर्वांत मोठा असतो. अस्वलाचं आतलं बोट सर्वांत लहान असतं.

कोकणात अडचण जमिनीची आहे. जांभ्याच्या सड्यावर आणि पातेऱ्याने झाकलेल्या उतारावर ठसा उमटतच नाही. म्हणून ठसे शोधायचे ते पऱ्याच्या काठचा चिखल, पाणवठ्याची ओली कड, आणि वनरस्त्यावरची मऊ धूळ इथेच. पाहणी करणारी पथकं कधी कधी वाटेवर बारीक मातीचा पट्टा पसरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यावर कुणाची पावलं उमटली ते पाहतात.

खूण चौथी: झाडं, केस आणि गुहा

मधासाठी अस्वल उंच झाडावर चढतं. चढताना नखांचे ओरखडे खोडावर जोडीजोडीने वर जात राहतात. ऐन, किंजळ यांसारख्या झाडांच्या सालीवर ते वर्षानुवर्षं टिकतात. खालीच, माणसाच्या उंचीच्या आसपास अस्वल कधी नखं ओढतं आणि अंग घासतं. त्यातून ते आपल्या वावराची खबर इतर अस्वलांना देतं. बिबट्याही खोडावर नखं घासतो, पण त्याच्या रेषा बारीक आणि धारदार असतात. अस्वलाच्या रेषा रुंद आणि बोथट दिसतात.

अंग घासलेल्या सालीत किंवा काटेरी झुडपात लांब, राठ, काळे केस अडकलेले सापडतात. केस मुळासकट असेल तर प्रयोगशाळेत त्यातून डीएनए मिळवता येतो. विष्ठेवरूनही तो मिळतो. हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्रात आणि देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत अशी तपासणी होते. खूण कुणाची याबद्दल वाद असेल तर शेवटचा निवाडा इथे होतो.

गुहा मात्र दुरूनच पाहायची गोष्ट. आत वास, तोंडाशी घासून गुळगुळीत झालेला दगड, आजूबाजूला विष्ठा ही वापरात असल्याची लक्षणं. हिवाळ्यात अशा कपारीत आई आणि पिल्लं असण्याची शक्यता असते. अभ्यासकसुद्धा त्या दिवसांत जवळ जात नाहीत.

कोकणात शोधाचे दिवस कोणते?

घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून कितीतरी जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या दिवसांत ठसा तासाभरात पुसला जातो, विष्ठा वाहून जाते किंवा शेणकिडे ती संपवतात. अस्वल असतं, पण त्याचा कागदच धुऊन निघतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माती ओली पण टिकाऊ असते. फोडलेली वारुळं आणि चिखलातले ठसे तेव्हा चांगले मिळतात. डिसेंबर-जानेवारीत माद्या गुहेत असल्याने खुणा कमी होतात. फेब्रुवारीपासून पाणी आटायला लागतं आणि प्राण्यांचा वावर उरलेल्या पाणवठ्यांभोवती गोळा होतो. एप्रिल-मे हा सर्वांत बोलका काळ. करवंदं, जांभळं पिकतात आणि विष्ठा सर्वत्र सापडते. याच काळात वणवे लागतात, आणि वणव्यात खुणाही जळतात आणि करवंदाच्या जाळ्याही.

शास्त्रशुद्ध पाहणी कशी होते?

वाटेत खूण दिसली आणि फोटो काढला, एवढ्याने पाहणी होत नाही. देशभरात २००६ पासून दर चार वर्षांनी व्याघ्रगणना होते. तिच्या पहिल्या टप्प्यात वनरक्षक आपापल्या नियतक्षेत्रात ठरवून दिलेल्या वाटांवर चालतात आणि मांसाहारी प्राण्यांच्या खुणांची नोंद करतात. त्यात अस्वलाच्या खुणाही येतात. नोंद मोबाइल ॲपमध्ये जागेच्या अक्षांश-रेखांशासह होते. त्यानंतर निवडक ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले जातात.

या पाहणीतला कळीचा प्रश्न असा: एखाद्या भागात खूण सापडली नाही, म्हणजे तिथे अस्वल नाही का? तसं म्हणता येत नाही. समजा, एखाद्या टेकडीवर अस्वल आहे आणि एका फेरीत त्याची खूण सापडण्याची शक्यता ३० टक्के आहे. मग एका फेरीत काहीच न सापडण्याची शक्यता ७० टक्के झाली. तीन फेऱ्या केल्या तरी काहीच न सापडण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के राहते. म्हणजे अस्वल असूनही तीनपैकी एका वेळी पथक रिकाम्या हाताने परतेल. आठ फेऱ्या केल्या तर ही शक्यता सहा टक्क्यांवर येते. म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा चालावं लागतं, आणि प्रत्येक फेरीत ‘सापडलं’ इतकंच ‘सापडलं नाही’ हेही लिहून ठेवावं लागतं. रिकाम्या फेऱ्यांच्या नोंदी नसतील तर पुढचं गणितच मांडता येत नाही. कर्नाटकातल्या पश्चिम घाटात मोठ्या भूभागावर चौकोन आखून याच तत्त्वावर अस्वलांचा वावर तपासला गेला आहे.

या पद्धतीने ‘कुठे आहे’ ते कळतं. ‘किती आहेत’ हे त्याहून अवघड. वाघाचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, म्हणून फोटोवरून वाघ मोजता येतात. अस्वल सगळंच काळं. छातीवरची पांढुरकी खूण प्रत्येकाची थोडी वेगळी असते, पण वाटेच्या बाजूला बांधलेल्या कॅमेऱ्यात छाती क्वचितच दिसते. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करण्याची पद्धत महाराष्ट्रात लोकप्रिय आहे. तिने लोकांना जंगलाची गोडी लागते. पण सह्याद्रीत मे महिन्यातही घळींमध्ये पाणी असतं, त्यामुळे अस्वलाला मचाणासमोरच्याच पाण्यावर येण्याची सक्ती नसते. शिवाय एकच अस्वल दोन पाणवठ्यांवर मोजलं जाऊ शकतं. त्या आकड्यावरून अस्वलं वाढली की घटली हे ठरवता येत नाही.

यात गावकऱ्यांची माहितीही महत्त्वाची ठरते. घाटमाथ्यावरचे गवळी-धनगर, कड्याखालचे कातकरी आणि शेतकरी यांचं जंगलात रोजचं जाणं-येणं असतं. चांगला अभ्यासक त्यांना ‘अस्वल आहे का’ असं थेट विचारत नाही, कारण त्याचं उत्तर सहज ‘हो’ येतं. तो विचारतो, शेवटचं कधी पाहिलं, कुठे, काय करत होतं, पाऊल कसं होतं. उत्तरात तपशील असतील तर त्या जागी पाहणीची फेरी ठरते.

एवढा खटाटोप कशासाठी?

पहिलं कारण जमिनीचं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे. सरकारी वनजमीन फारच थोडी. व्याघ्र प्रकल्पाची हद्द संपली की खाली मालकीची रानं सुरू होतात. ती ठरावीक वर्षांनी तोडली जातात, कुठे काजू-आंब्याची लागवड होते, कुठे रस्ता येतो. एखाद्या घळीत अस्वलाचा वावर आहे हे कागदावर नसेल, तर तोडीचा किंवा रस्त्याचा निर्णय घेताना त्याचा विचारही होत नाही. कागदावर नसलेल्या प्राण्याची बाजू कुणी मांडत नाही.

दुसरं कारण जोडणीचं. कोयनेपासून तिलारीपर्यंतची जंगलपट्टी जागोजागी अरुंद आहे. कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, गगनबावडा हे घाटरस्ते तिला कापतात. गेल्या काही वर्षांत राज्य सरकारने विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड, आंबोली-दोडामार्ग, तिलारी अशी संवर्धन राखीव क्षेत्रं घोषित केली, ती हीच साखळी टिकावी म्हणून. ही साखळी प्रत्यक्षात प्राणी वापरतात का, आणि नेमकं कुठून, ते खुणांच्या नोंदी सांगतात.

तिसरं कारण माणसाच्या जिवाचं. भारतात माणसावर सर्वाधिक हल्ले करणाऱ्या मोठ्या प्राण्यांत अस्वलाची गणना होते. ते माणसाला खात नाही. पण त्याची नजर अधू, खणताना कान मातीत, आणि अंगावर अचानक कुणी आलं तर पळण्याऐवजी झडप घालण्याचा स्वभाव. जखमा बहुतेक चेहऱ्याला आणि डोक्याला होतात. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुळम जिल्ह्यात टेकड्यांवरची झाडी तुटत गेली आणि अस्वलं काजू-फणसाच्या बागांत येऊ लागली. तिथे माणूस आणि अस्वल यांची गाठ वारंवार पडते. काजू आणि फणस हे रत्नागिरीचंही पीक आहे. वरचं जंगल शाबूत असताना कोणत्या घळीत अस्वल आहे हे ठाऊक असणं, म्हणजे खालच्या वाडीला वेळीच सावध करता येणं.

चौथं कारण न्यायाचं. अस्वलाच्या हल्ल्यात जखमी झालेल्या किंवा दगावलेल्या व्यक्तीसाठी राज्य सरकारची आर्थिक मदत आहे. पंचनाम्यात हल्ला कोणत्या प्राण्याचा हे ठरवताना पावलाचा ठसा, केस, नखांचे व्रण याच खुणा पाहिल्या जातात. ‘इथे अस्वल नाहीच’ अशी समजूत असलेल्या भागात जखमी माणसाला आपलं खरं करून दाखवणं अवघड जातं. जुन्या नोंदी असतील तर ते सोपं होतं.

खूण सापडली तर काय करावं?

शोधासाठी मुद्दाम जंगलात शिरू नये. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात परवानगीशिवाय जाणं गुन्हा आहे. पण आपल्याच रानात, गडाच्या वाटेवर किंवा बागेत खूण दिसली तर काही गोष्टी करता येतात.

- फोटो काढताना शेजारी नाणं, पेन किंवा कोयता ठेवावा. मापाशिवाय ठशाचा फोटो फारसा कामाचा नसतो.
- एक फोटो जवळून, वरून सरळ आणि एक आजूबाजूची जागा दिसेल असा घ्यावा.
- तारीख, वेळ आणि जागा लगेच लिहून ठेवावी.
- विष्ठेला हात लावू नये, केस उचलू नयेत.
- वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.
- जागेचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नये. अस्वलाच्या पित्ताशयासाठी आणि ताइतात घालायच्या नखा-केसांसाठी शिकार होते.

खूण ताजी असेल तर तिथून माघारी फिरावं. अस्वलाच्या भागातून जावंच लागलं तर एकट्याने जाऊ नये आणि बोलत, काठी आपटत जावं, म्हणजे त्याला आपली चाहूल आधी लागते. पहाटे आणि तिन्हीसांजेला करवंदाच्या जाळीत शिरू नये. कुत्रा सोबत असेल तर तो मोकळा सोडू नये, कारण अस्वलाने पाठलाग केला की तो धन्याकडेच पळत येतो.

जुन्या पिढीला अस्वल माहीत होतं ते दरवेशाच्या दोरीला बांधलेलं. गावोगाव नाचवली जाणारी ती अस्वलं बहुतेक जंगलातून पिल्लं असताना पळवलेली असत. तो खेळ २००९ च्या सुमारास देशातून संपला. आता कोकणातल्या माणसाची आणि अस्वलाची ओळख राहिली ती फोडलेल्या वारुळापुरती आणि करवंदाच्या बियांपुरती. ती ओळख नीट वाचली आणि लिहून ठेवली, तरच घाटाखालच्या त्या रानांमध्ये अस्वल राहतं हे सरकारी कागदालाही कळेल.